रोज अकराला सुटणारं वायफाय

दिग्रसच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यावरचा ऋतिक निशिगंधाच्या टेबलाशी पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले होते, फोनलाही.

त्या वर्षी बोंडअळीनं निम्मा कापूस खाल्ला होता. उरलेल्याच्या गाड्यांची नोंद मोबाईलवर करायची, असं मालकानं ठरवलेलं. सगळ्यांच्या फोनला वायफाय जोडून द्यायला मुकुटबनची निशिगंधा महिनाभरासाठी आली होती. तिनं त्याच्या फोनवर हळूच फुंकर घातली, नाव नि पासवर्ड टाकला, आणि म्हणाली, आता आपोआप लागन. ऋतिक त्या फुंकरीतच अडकला…

दुसऱ्या दिवशी अकराला तो हजर. वायफाय सुटलं म्हणे. तिसऱ्या दिवशीही तेच. कधी पासवर्ड विसरलेला, कधी फोनच रुसलेला.

निशिगंधा काही भाबडी नव्हती. जोडलेल्या फोनांची यादी तिला स्क्रीनवर दिसायची. बाकीचे बावीस फोन दिवसभर जागेवर. याचाच तेवढा रोज अकराला पाच कमी असताना गळायचा. म्हणजे गडी स्वतःच फोनमधून वायफाय पुसून येत होता. ती ओठांत हसू दाबून पुन्हा पासवर्ड टाकायची. पूर्वरंग लांबला तरी कीर्तनातून उठावंसं वाटत नाही, तसं तिचं झालं होतं.

पण शुक्रवार उजाडला. काम संपलं, उद्या ती गावी परतणार, आणि हा बाबा अजून पासवर्डापाशीच. मग सकाळी येताच तिनं स्क्रीनवर एक बारीकशी खोडी केली.

अकराला ऋतिक आला, तो गोंधळलेला. "मॅडम, आज खरंच लागून नाई राह्यलं."

"आज खरंच? अन् इतके दिवस?"

त्याचे कान लाल झाले.

"तुमच्या फोनाचं वायफाय मीच बंद केलं," ती म्हणाली. "आता फोनाबिगर सांगा, काय सांगाचं ते."

त्यानं फोन टेबलावर ठेवला.

"उद्या अकरा वाजतीन… अन् मी कुठी जाऊ? मले तुमी पाह्यजे, निशिगंधा. जन्मभर—"

तिचे डोळे भरून आले, आवाज मात्र ठाम होता. "रविवारी आमच्या गावात सप्त्याचं काल्याचं कीर्तन हाये. माझे वडील, बापूजी, मृदंगावर असतात. आईले घेऊन या. महाप्रसाद झाला का मीच बोलन बापूजीशी."

"ते नाई म्हणाले तं?"

"मी हो म्हटलं ना," निशिगंधा म्हणाली, आणि खुर्ची पुढे सरकवली.

महिन्याभरात पहिल्यांदाच तो तिच्यासमोर निवांत बसला.