रविवारची कॉन्टेसा

"भैया, ये गाडी बेचनी है क्या?"

कॉन्टेसाच्या पोटाखाली उताण्या पडलेल्या स्वानंदीला फक्त बूट दिसले. पांढरे, नको तितके स्वच्छ. तिच्या हातात पाना होता, नाकावर ग्रीस होतं आणि डोळ्यात नुकतीच गंजाची भुकटी पडली होती. त्यात हे 'भैया'!

"नहीं बेचनी!" ती खालूनच ओरडली.

बूट दचकून मागे सरकले. "अरे... सॉरी, दीदी..."

'दीदी' तर त्याहून वाईट. ती सरपटत बाहेर आली. समोर एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता! तो बघत होता गाडीकडे, ते सुद्धा अगदी डोळे भरून.

"हद्द आहे," ती पुटपुटली. "माणूस समोर उभं आहे आणि हा बंपरला लाइन मारतोय."

"मारत नाहीये," तो शांतपणे म्हणाला. "बंपर ओरिजिनल आहे का, एवढंच बघतोय."

नोएडाच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये समोरचा मराठीत उत्तर देईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिचे कान लालबुंद झाले. आणि तो... तो आता तिच्याकडे बघत होता. नाकावरच्या ग्रीसकडे, नेमकं.

त्याचं नाव यतीन बोकारे. मूळचा नागपूरचा, नोएडाच्याच फिल्म सिटीतल्या एका न्यूज चॅनेलमध्ये साउंड इंजिनिअर. जवळच दिल्लीत, मयूर विहारला भाड्याने राहायचा आणि घरमालकाच्या पोर्चमध्ये त्याचीही एक कॉन्टेसा उभी होती. अर्धी जमवलेली, अर्धी अजून शोधायची राहिलेली. ती पूर्ण करून नागपूरला न्यायची आणि आई-बाबांना तिच्यातून फिरवायचं, एवढं एकच त्याचं वेड. रस्त्यावरून जाताना त्याला ही गाडी दिसली आणि पाय आपोआप आत वळले.

"म्हणजे तुम्हाला आमची गाडी तोडून पार्ट हवेत," स्वानंदी म्हणाली.

तेच तर हवं होतं त्याला.

"तोडायला आलात की बघायला, ते नंतर ठरवा," मागून आवाज आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले तिचे बाबा, दिनकरराव, चष्म्यावरून बघत होते. "आधी तो जॅक नीट लावा. ही पोरगी खाली असताना तो हलत होता."

आणि यतीन मुकाट्याने वाकला. पांढरे बूट ग्रीसमध्ये बुडाले ते तेव्हाच.

दिनकररावांनी ती गाडी हौसेने घेतली होती आणि कधीच गॅरेजला नेली नव्हती. दर रविवारी सगळं घरच्या घरी. स्वानंदीचं लहानपण त्या उघड्या बॉनेटशेजारी स्टुलावर बसून गेलं. पुढे जुन्या गाड्यांना दिल्ली-नोएडाच्या रस्त्यांवर बंदी आली, कॉन्टेसा जागच्या जागी थांबली, तरी त्यांना ती भंगारात देववेना. आता साताऱ्याला त्यांचा भाऊ अंबादास शेड बांधून वाट बघत होता. गाडी राज्याबाहेर न्यायची परवानगीही मिळाली होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाड्या नेणारा ट्रेलर येणार होता. अट एकच... गाडीने आपल्या पायांनी ट्रेलरवर चढायचं. नाहीतर थेट भंगारवाला, असं सोसायटीच्या कमिटीने बजावलं होतं.

आणि इंजिन तर सुरू व्हायलाच तयार नव्हतं. उन्हाळ्यात दिनकररावांची बायपास झाली, डॉक्टरांनी वाकायलाही मनाई केली. म्हणून पाना स्वानंदीच्या हातात आला होता.

यतीन पुढच्या रविवारी आला. मग त्याच्या पुढच्याही. स्वानंदीची आई, नीलाकाकू, वरून चहा पाठवताना म्हणायच्या, "माझ्या या चार चाकांच्या सवतीला आता दिवाणजीही मिळाले वाटतं!"

ऑक्टोबर लागला. संध्याकाळी सोसायटीबाहेरच्या सप्तपर्णीचा उग्र गोड वास पार्किंगभर पसरायचा आणि त्यात पेट्रोलचा वास मिसळायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"चाबी दे ना," ती हात पुढे करायची.

"किल्ली."

"चाबी! हे नोएडा आहे, नागपूर नाही."

"मग नाही देत."

"यतीन... यार!"

मग तो किल्ली द्यायचा – तिच्या तळव्यावर हलकेच ठेवून, आणि बोटं जरा जास्तच सावकाश मागे घेऊन.

दुखणं सापडलं ते डिस्ट्रिब्युटरमध्ये. प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा तो भाग. त्याचा आतला दांडा झिजून डगडगत होता. इंजिन खोकायचं, थरथरायचं आणि बंद पडायचं. नवा मिळणं अशक्य, जुनाच शोधायचा. दोघं कश्मीरी गेटच्या बाजारात गेले. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी टांगलेले सायलेन्सर, हातगाड्यांची धक्काबुक्की. एका वळणावर सायकल रिक्षा अंगावर आली आणि यतीनने तिला मनगट धरून बाजूला ओढलं. रिक्षा निघून गेली. मनगट मात्र...

"सोडलंस तरी चालेल," ती म्हणाली.

"हो, गर्दी आहे ना पण."

"आता कुठे आहे गर्दी?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "येईल."

हसू दाबत ती पुढे चालत राहिली. पण डिस्ट्रिब्युटर काही मिळाला नाही. सगळ्या दुकानांतून एकच उत्तर, "मॅडम, अब कहाँ!"

त्यानंतर यतीन अचानक गायब झाला. मेसेज नाही, फोन उचलणं नाही. ट्रेलरचा रविवार जवळ येत चालला आणि त्यातच कमिटीच्या सेक्रेटरीने जिन्यात सांगितलं की गाडी भंगारात कधी जाणार, म्हणून कुणीतरी फोनवर विचारत होतं. स्वानंदीच्या मनात एकदम यतीनच आला. पहिल्याच दिवशी त्याने काय विचारलं होतं? बेचनी है क्या! म्हणजे तो वाटच बघत होता... आपली गाडी मरायची! ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. गाडीपेक्षा आपल्याला भलत्याच गोष्टीचं जास्त दुखतंय, हेही तिला तेव्हाच कळलं.

शनिवारी सकाळी यतीन दारात उभा होता. दाढी वाढलेली, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"मिळाला," तो म्हणाला.

"कुठे?"

"कश्मीरी गेटला." आणि तो तिची नजर चुकवून आत वळला. "काका, येताय ना खाली?"

रागवायला वेळच नव्हता. दुपारपर्यंत दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून होते, दिनकरराव खुर्चीतून सूचना देत होते. शेवटी तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं... आणि मग घुमलं. जाडसर, भरदार, जुन्या ओळखीच्या आवाजात. दिनकररावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले.

रविवारी ट्रेलर आला. स्टीअरिंगवर स्वानंदी, शेजारी बाबा, गाडीमागे पायी, हातात लाकडाचा ठोकळा घेऊन यतीन. अर्ध्या चढावर गाडी अडखळली, दणका बसला आणि ती मागे घसरू लागली! यतीनने झटकन चाकामागे ठोकळा सरकवला.

"घाबरू नको," बाबा म्हणाले. "तिला दम घेऊ दे. आता हळूच क्लच सोड."

तिने श्वास रोखला, क्लच सोडला. कॉन्टेसा गुरगुरली, थरथरली – आणि चढली. वर. अख्खीच्या अख्खी!

गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. सेक्रेटरी सुद्धा अंगठा दाखवत होता. भंगाराची चौकशी पलीकडच्या इमारतीतल्या एका डीलरची होती, हे त्यानेच बोलता बोलता सांगून टाकलं. स्वानंदीच्या छातीवरचा केवढा मोठा दगड उतरला! नीलाकाकू ओढणीने डोळे टिपत म्हणाल्या, "गेली एकदाची सवत," आणि आणखीच रडायला लागल्या.

"चलो... येतो मग," यतीन म्हणाला. रिकाम्या पार्किंगमध्ये आता थांबायला कारण तरी काय होतं? तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन ती मयूर विहारला पोचली. पोर्चमध्ये त्याची कॉन्टेसा बॉनेट उघडं टाकून उभी होती. स्वानंदी सहज वाकली आणि तशीच राहिली. इंजिनच्या कडेला जिथे डिस्ट्रिब्युटर असायला हवा, तिथे भोकात चिंधी कोंबलेली होती.

"तू... तू आलीस?" यतीन जिन्यावरच थबकला.

"कश्मीरी गेटला मिळाला म्हणालास."

"तिथेच मिळाला होता." तो ओशाळला. "गेल्या वर्षी."

"यतीन!"

"फोन घेतला नाही, कारण ठरत नव्हतं. खोटं कशाला बोलू? किती हिंडून मिळवला होता तो... द्यावासा वाटत नव्हता. मग काका खुर्चीत बसलेले डोळ्यांसमोर यायचे. आणि तू."

"आणि मला वाटलं, तू आमची गाडी भंगारात जायची वाट बघतोयस." तिने ती चिंधी नीट खोचली. "इतकं वाईट मनात आलं माझ्या तुझ्याबद्दल..."

"पहिल्या दिवशी खरंच वाट बघत होतो," तो म्हणाला. "नंतर रविवारची बघायला लागलो. गाडीसाठी नाही..."

"मग कशासाठी?"

"सांगायलाच हवं?"

"हो. नीट, मराठीत."

तो हसला. मग हसू मावळलं आणि तो अगदी जवळ आला. "आवडतेस तू मला, स्वानंदी. फार. दुसरा डिस्ट्रिब्युटर मिळेल कधीतरी, नाही मिळाला तरी चालेल. पण तू..."

तिने डबा बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि त्याचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. बिचारा किती घाबरला होता!

"मलाही," ती म्हणाली. बस, एवढंच. त्याने इतका मोठा श्वास सोडला की तिला हसू फुटलं, आणि मग दोघंही हसत सुटले, घरमालकाने खिडकी उघडून डोकावेपर्यंत.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती दोन वाक्यं बोलली, फोन छातीशी धरून त्याच्याकडे वळली.

"आई विचारतेय, पाडव्याला जेवायला येतोस का."

"पण आता गाडी कुठे आहे तिकडे?"

"म्हणूनच विचारतेय," स्वानंदी म्हणाली, आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता तिने फोन कानाला लावला. "येतोय गं तो."