चाचणी पंधरा

दोन हातांत दोन फोन घेऊन फिरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं तिचं ठाम मत होतं. आणि सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये नेमका तसाच एक भेटला. दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्याने चौथ्या मजल्याचं बटण कोपराने दाबलं आणि तिच्याकडे बघून हसला.

"तुम्हीपण चौथ्यावर?"

"हो. एक विचारू? माणसाला दोन फोन कशाला लागतात हो?"

"एक माझा... आणि दुसराही माझाच," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

झालं! तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

दहा वाजता साहेबांनी त्यालाच आणून तिच्या शेजारच्या टेबलावर बसवलं, तेव्हा तर त्या पालीने बिऱ्हाडच थाटलं. कंपनीचं ॲप एकच होतं – औषधाची वेळ झाली की फोनवर सूचना देणारं. पण फोन दोन तऱ्हेचे, म्हणून तेच ॲप दोनदा लिहिलेलं. एका तऱ्हेच्या फोनसाठी चार वर्षं ती लिहीत होती, दुसऱ्या तऱ्हेसाठी दुसऱ्या शाखेत बसून हा.

"आता या दोन चुली बंद," साहेब म्हणाले. "एकच कोड लिहायचा, तोच दोन्हीकडे चालला पाहिजे. पंधरा दिवसांत."

पुढचं साहेब बोलले नाहीत, पण तिला ते ऐकू आलं. चूल एक, तर स्वयंपाकीही एकच.

त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवू लागली. आणि पाळत ठेवण्यासारखं होतंही! ती जवळ गेली की हा फोन पालथा घालायचा. मग त्या पालथ्या फोनकडे बघून स्वतःशीच हसायचा. एकटाच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन यायचा. आणि सगळ्यांत संशयास्पद म्हणजे... एकाच कामासाठी दोघांचा कोड समोर आला, की स्वतःचा पुसायचा आणि तिचा ठेवायचा.

"हा का ठेवलात?" तिने एकदा विचारलंच. पोचायची राहून गेलेली सूचना टाकून द्यायची नाही, उशिरा का होईना पोचवायचीच, असा तो तिने लिहिलेला नियम होता.

"माझा कोड अशी सूचना सरळ फेकून देतो. तुमचा... वाट बघतो."

"बाबांसाठी लिहिलाय तो. रक्तदाबाची गोळी विसरतात. त्यांचा फोनही घातलाय मी चाचणीच्या यादीत."

"नशीबवान आहेत बाबा."

"मस्का नको."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हेसुद्धा तिने पाळतीतच टिपलं होतं. केसाने गळा कापणारे असेच गोड हसतात, तिने स्वतःला बजावलं. पण त्या संध्याकाळी ती बसमधून उतरायची विसरली आणि एक स्टॉप पुढे गेली.

पंधराव्या दिवशी शेवटचा भाग, सूचनांचा, एकत्र झाला. तिने नवं ॲप चाचणीच्या सगळ्या फोनवर पाठवलं. तो पुन्हा केबिनमध्ये होता, दार लावून. माझाच पत्ता कापतोय आत बसून, तिला वाटलं आणि एकदम रडूच यायला लागलं. नोकरीसाठी की त्याच्यासाठी, ते तिचं तिलाही कळेना.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"चिऊ, अगं, ॲप बिघडलं का तुझं? गोळीचं राहिलं बाजूला, मला म्हणतंय, 'चाचणी तीन. ती पेन चावत विचार करते, तेव्हा मला काही म्हणजे काही सुचत नाही.'"

"काय?"

"'चाचणी सात. आज केस मोकळे. माझं काम शून्य.' बाळ, मला टक्कल आहे!"

तिने कानाचा फोन काढून डोळ्यांसमोर धरला. एकाखाली एक सूचना येऊन पडत होत्या... आणि तिला उलगडा झाला. या चाचण्या त्याने लिहिल्या होत्या त्या फक्त आपल्याच तऱ्हेच्या फोनवर येतील, या भरवशावर. पण आता कोड एकच होता. आणि राहून गेलेली एकही सूचना वाया न घालवणारा तिचा नियम त्यानेच तर जपून ठेवला होता.

"शेवटची ऐक," बाबा म्हणाले. "'चाचणी चौदा. आज साहेबांना सांगतो, जागा तिलाच द्या. मी दुसरीकडे जातो.' कोण गं हा?"

"कोणी नाही, बाबा."

"तुझी ताईपण असंच म्हणायची. आता दोन मुलं आहेत तिला."

तिने फोन बंद केला, तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. तो येऊन खुर्चीत बसला आणि सवयीने त्याने फोन पालथा घातला.

"राहू दे. मी वाचलंय सगळं," ती म्हणाली आणि आपला फोन तिने त्याच्यासमोर धरला.

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "हे... हे फक्त माझ्या फोनवर..."

"कोड एकच आहे आता." तिने फोन टेबलावर ठेवला. "आणि माझी नोकरी मला दान द्यायला सांगितलं कोणी? मला न विचारता?"

"दान नाही हो. मला खरंच दुसरी नोकरी मिळालीय... पुढच्याच चौकात. पत्र आलंय."

"दाखवा."

त्याने फोनवर पत्र उघडून दिलं. तिने तारीख वाचली, सही वाचली, पत्ता तर दोनदा वाचला.

"तुम्ही कधीच कोणावर विश्वास ठेवत नाही का?"

"तपासल्याशिवाय नाही."

पंधरा दिवस ती या माणसातली खोट शोधत होती, आणि शोधता शोधता तिला तो मनापासून आवडून गेला होता. आता महिनाअखेर शेजारची खुर्ची रिकामी होणार होती. तिने की-बोर्ड पुढे ओढला, चार शब्द लिहिले, एक खोडला... पुन्हा लिहिला.

त्याचे दोन्ही फोन एकदमच वाजले.

'चाचणी पंधरा. सहा वाजता, खाली, लिफ्टपाशी. येशील?'

त्याने एका फोनवर वाचलं. मग दुसऱ्यावरही वाचलं, जणू तिथे काही वेगळं असेल. डाव्या गालाला खळी पडली.

"येईन..." तो म्हणाला. "आणि एकही फोन न घेता येईन."

ती काही बोलणार, एवढ्यात तिचाच फोन वाजला.

"चिऊ," बाबा म्हणाले, "सहा वाजता मीपण यायचंय का?"