हीटरची जाळी

दिपकने जीप गॅरेजच्या दारात उभी केली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. डिसेंबरचे दिवस, तलासरीत अजून गारठा होता. खाली उतरता उतरताच तो म्हणाला, हीटर बघ, अर्धाच तास आहे.

त्याची बायको संगिता आदल्या रात्री आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगी, जेमतेम दीड किलोची. तिला डहाणूच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं होतं आणि रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, वाटेत पोरीला गारठा लागता कामा नये.

"चालतो तसा," दिपक म्हणाला. "काल संगिताला आणताना मस्त ऊब होती. पहाटे औषधं आणायला डहाणूला गेलो, तर आशागडच्या उतारावर बंद. परत येताना पुन्हा चालू."

वायर सैल असेल असं म्हणत मी बॉनेट उचललं आणि माझा हात तिथेच थांबला. हीटरचे दोन्ही रबरी पाइप एकमेकांना जोडलेले होते आणि वर तांब्याच्या तारेचे तीन वेढे. क्लिप नसली की असे वेढे मीच घालतो.

आठ वर्षांपूर्वी ही जीप हाल्या नावाच्या माझ्या एका गिऱ्हाइकाची होती. हीटरची जाळी गळत होती. इंजिनाचं गरम पाणी त्या जाळीतून फिरतं आणि पंखा त्यावरून वारा सोडतो, हीटर म्हणजे एवढंच. आमच्याकडे दहा महिने घाम पुसण्यात जातात, हीटर लावतो कोण? इथले सगळेच गॅरेजवाले जाळी काढून, पाइप जोडून मोकळे होतात. मीही झालो. हाल्याला सांगायचंही राहिलं. त्याच थंडीत तो चार दिवसांचं नातवंड घेऊन डहाणूला निघाला. आशागडच्या उतारावर ते गार पडलं. बाळ अशक्त होतं, असं सगळे म्हणाले. मी मातीला गेलो आणि गप्प राहिलो.

डॅशबोर्डखालची हीटरची पेटी उघडली. आत जाळी नव्हतीच. धूळ होती, चार वाळकी पानं होती. पंख्याचं बटण फिरवलं तर तोंडावर ऊन वारा आला. त्याला ओव्याच्या धुरीचा वास होता, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा.

इंजिनाची धग आत येत असेल, मी स्वतःला समजावलं. पेटीच्या पत्र्याला हात लावून पाहिला. पत्रा गार होता.

दिपकला खरं सांगायला हवं होतं. जीभ रेटेना. मी बरोबर येतो, एवढंच म्हणालो.

संगिता मागे बसली, पोर छातीशी, काचा बंद. मी पुढे, पायाशी उघडी पेटी. चारोटी नाक्याला गाडी डहाणूकडे वळली तरी ऊब टिकून होती. दिपक सारखा आरशात बघत होता.

आशागडचा उतार लागला आणि वारा गार झाला.

पंखा फिरतच होता. मी बटण पुढेमागे केलं, फ्यूज काढून पुन्हा बसवला. काही फरक नाही.

"सुनिलभाऊ," संगिता मागून हळूच म्हणाली, "हिचे ओठ निळे पडायला लागले."

दिपकचा पाय ब्रेककडे गेला. थांबू नको, मी म्हणालो. वाकून पेटीत हात घातला. आत विहिरीतल्यासारखा गारवा होता.

"जाळी मीच काढली," मी म्हणालो. कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या पहिल्या बोटाभोवती काहीतरी आवळलं. इवलंसं. घट्ट.

मला ओरडावंसं वाटलं. मी हात काढला नाही.

वारा ऊन झाला. मागे पोर रडली.

दवाखान्याच्या दारापर्यंत माझा हात पेटीतच होता.

आता मे चालू आहे. पोर गुटगुटीत झाली आहे. दिपकला मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, आता ती पेटी उघडू नकोस. हीटर त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही.

माझं ते बोट मात्र गार आहे. भर उन्हात, तापलेल्या बॉनेटवर ठेवलं तरी गार. पकड सुटलेली नाही. डिसेंबरात ती मूठ जेमतेम एका पेराएवढी होती. गेल्या आठवड्यापासून तिच्यात माझी दोन बोटं मावतात.