शेंबडाचा खुराक

प्रयोगशाळेत शिरताच ऋतुजा खराडेनं नाकाला रुमाल लावला. ओल्या मोज्यात आठवडाभर मुळा ठेवावा, तसा वास होता.

"सवय होते," डॉ. सुलभा नाडगौडा म्हणाल्या. त्या जीवशास्त्रज्ञ होत्या आणि डबाही तिथंच खात.

"वासाची?"

"नाही. घरी गेल्यावर कुणी जवळ बसत नाही, त्याची."

टेबलावरच्या काचेच्या नळीत हिरवट, चिकट असं काहीतरी होतं. नळीला टिचकी मारली की ते थरथरायचं आणि मग तृप्त होऊन ढेकर दिल्यासारखा एक बुडबुडा सोडायचं. शेजारी सस्पेन्शनची इंजिनिअर गायत्री सरनोबत चाकाचे धक्के झेलणारा एक चकचकीत कॉइलओव्हर मांडीवर घेऊन बसली होती. नातीला घेऊन बसावं तशी.

"नेहमीच्या कॉइलओव्हरमध्ये काय असतं?" गायत्री म्हणाली. "बाहेर स्प्रिंग, आत तेल. चाक उंचवट्यावर गेलं की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. तिची उसळी तेल आवरतं. पण शर्यतीत तेल तापून पातळ होतं, आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते."

"गेल्या वर्षी माझी डुललीच की. डुलत डुलत शेवटून दुसरी आले."

"म्हणून आम्ही तेल काढून टाकलं. त्या जागी हा घातला."

नाडगौडाबाईंनी नळी उचलली. "याची प्रथिनं दाबली की वीज तयार करतात. त्या विजेवर हा जगतो. झाडं उजेड खातात, हा धक्के खातो. आम्ही त्याला कंपनसंश्लेषण म्हणतो. जीवाचं नाव धक्काभक्षी श्लेष्मक."

"आणि कारखान्यात?"

"शेंबूड," गायत्री म्हणाली.

कॉइलओव्हरच्या डोक्यावर एक चकती होती. ती आवळली की शेंबडाचं तोंड लहान व्हायचं, तो कमी धक्के खायचा, गाडी कडक. सैल केली की गाडी मऊ. खालची कडी फिरवली की गाडीची उंची कमीजास्त. एवढंच काम.

"फक्त त्याला खायला घालायचं नाही," नाडगौडाबाई म्हणाल्या. "उपाशी आहे म्हणून धक्के खातो. खाण्यासारखी दुसरी गोष्ट त्याला कधी दिसलीच नाही."

ऋतुजानं चारही कॉइलओव्हर गाडीला बसवून घेतले. तिच्यापुढे दुसरा रस्ताही नव्हता. रविवारची शर्यत जिंकली तर सह्यकडा रेसिंग तिला चालक म्हणून घेणार होतं. हरली तर गाडी विकून वडिलांच्या पोल्ट्रीत बसायचं, असं घरात ठरलं होतं. पाच हजार कोंबड्यांच्या विष्ठेवरून आयुष्यभर खराटा फिरवायचा. या विचारानं तिला जी शिसारी यायची, त्यापुढे शेंबूड म्हणजे गुलाबपाणी होतं.

वडील, म्हणजे आप्पा खराडे, जुने पैलवान. गुडघा गेल्यावर तालीम सुटली आणि त्यांनी पोल्ट्री काढली. शनिवारी ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी चाकाच्या कमानीत कान लावला.

"काय गं, जित्ता हाय म्हणतीस न्हवं ह्यो?"

"हो आप्पा. पण हात लावू नका."

"आणि उद्या कुस्तीला उपाशी सोडणार?"

"शर्यत आहे ती."

"तेच ते."

ऋतुजा झोपायला गेली. आपल्या बाजूनं लढणाऱ्याला उपाशी मैदानात उतरवायचं, हे आप्पांना काही केल्या पटेना. त्यांनी बदाम घोटले, दुधात तूप सोडलं, वर पोल्ट्रीतली कच्ची अंडी फोडली आणि चारही चकत्या उघडून प्रत्येकात तांब्या-तांब्या ओतला. शेंबडानं आधी वास घेतला. मग त्यानं तांब्याच आत ओढला. आप्पांनी तो मोठ्या मुश्किलीनं सोडवला आणि कौतुकानं म्हणाले, "हा, आता कसं!"

सकाळी तोच खुराक त्यांनी लेकीला दिला. नाही म्हणायची सोय नव्हती. ते पेला संपेपर्यंत समोर उभे राहिले.

पन्हाळ्याच्या पायथ्याचा नवा ट्रॅक आरशासारखा होता. सुरुवातीला ऋतुजाची गाडी रस्त्याला गोचिडासारखी चिकटून धावली. वळणावर कललीसुद्धा नाही. ती पहिली होती. मग खुराक जिरला असावा, कारण गाडी एकाएकी उड्या मारायला लागली. सपाट रस्त्यावर.

"गायत्रीताई, काय होतंय?" ती रेडिओवर ओरडली. "चेंडूवर बसल्यासारखं वाटतंय!"

"स्प्रिंग मोकळ्या सुटल्यात. तो धक्के खातच नाहीये!"

रेडिओवर नाडगौडाबाईंचा आवाज आला. "काल त्याला कुणी काही दिलं होतं का?"

मग मागून आप्पा म्हणाले, "जरासंच."

"काय दिलंत?"

"दूध, तूप, बदाम, अंडी."

"अहो, तूप चाखल्यावर तो कोरडी भाकरी कशाला खाईल? त्यानं संप केलाय!"

ऋतुजा पाचवी झाली. पोटातला खुराक गाडीबरोबर वर-खाली होत होता. आणखी एक उडी, आणि तो आला. हेल्मेटची काच वेळेवर वर केली, एवढंच. सगळं पायापाशी पत्र्यावर सांडलं. तिथं वायरीच्या भोकातून एक हिरवट जीभ आत आलेली होती. रात्रीच्या खुराकावर फुगून शेंबूड कॉइलओव्हरबाहेर वाढला होता. त्यानं पत्रा लख्ख चाटून काढला. कोपऱ्यातला बदामाचा तुकडासुद्धा ठेवला नाही.

आणि गाडी शांत झाली. चारही चाकं रस्त्यावर बसली. दोन वळणांत तिनं दोन गाड्या मागे टाकल्या.

पुढच्या फेरीत पुन्हा उड्या.

"बाई, मी ओकले की हा नीट चालतो!"

"अर्थात," नाडगौडाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता, हे जास्त वाईट होतं. "धक्के आवरायचे सोडले की वरून जेवण पडतं, हे तो शिकला. आजवर तो धक्के खात होता. आता तो ते पेरतोय."

ऋतुजाकडे दोनच वाटा होत्या. तिनं खराटा आठवला, कोंबड्यांचा ओला ढीग आठवला, आणि दुसरी वाट आपोआप मोकळी झाली. नंतर उडीची वाट बघायचीही गरज पडली नाही. जिभेकडे नुसतं बघितलं तरी काम व्हायचं. ती शर्यत जिंकली. झेंडा ओलांडला तेव्हा पोटात फक्त पित्त उरलं होतं, आणि शेंबडानं तेही नाक न मुरडता घेतलं.

सह्यकडा रेसिंगचे व्यवस्थापक कौस्तुभ पालकर पुण्याहून आले होते. ते गाडीपासून सहा हात लांब उभे राहून बोलत होते.

"अभिनंदन हं! फारच छान. आम्ही तुम्हाला नक्की घेणार. फक्त एक शंका होती. याला वाडग्यातून अंडी दिली तर नाही का चालणार?"

नाडगौडाबाईंनी आधीच एक वाडगं समोर धरून पाहिलं होतं. शेंबडानं ते लाथाडलं, म्हणजे त्याला पाय असते तर लाथाडलं असतं. "त्याला आता गरम, अर्धं पचलेलं लागतं. कच्च्यावर तो परत येणार नाही."

"वाटलंच मला. मग असं करू. गाडी आमच्या संघातला मुलगा चालवेल, खूप अनुभवी आहे तो. तुम्ही शेजारी बसायचं."

"शेजारी बसून काय करू?"

पालकरांनी रुमालानं ओठ टिपले. "तेच. जे आज केलंत ते. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही."

ऋतुजानं हेल्मेट खाली ठेवलं. ते ठेवताना आतून काहीतरी गळलं. ती जिंकली होती, म्हणून तिला ओकायची नोकरी मिळत होती.

"मी चालवणार," ती म्हणाली.

"तुम्ही एकाच वेळी दोन्ही कामं कशी कराल? आज नशीब होतं. पुढची शर्यत मोठी आहे, पोट पुरायचं नाही. शिवाय अशी पोटं काही दुर्मीळ नाहीत हो, आम्ही दुसरं कुणी बघू."

"दुसरं कशाला?" आप्पा मधे आले. त्यांनी सदऱ्याची गुंडी सोडली आणि पोटावर थाप मारली. आवाज रिकाम्या पिंपासारखा घुमला. "हे बघा की. हितं दोन पायल्या मावत्यात."

"आप्पा, नको."

"गप गं. खुराक मी घातला, चूक माझी. तू चालव. मी बसतो बाजूला."

पालकरांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "वय काय आपलं?"

"एकसष्ट. पण तूप घरचं."

"आणि पोल्ट्री?" ऋतुजानं विचारलं.

"गडी ठेवतो की," आप्पा म्हणाले. मग आवाज खाली आणून, "खरं सांगू का? त्या वासानं मलाबी रोज उमासे येत्यात. तेवढाच सराव."

ते गाडीकडे गेले, दार उघडलं आणि गुडघा सांभाळत शेजारच्या सीटवर जाऊन बसले. वायरीच्या भोकातून जीभ बाहेर आली, त्यांच्या सदऱ्यावरून पोटापर्यंत गेली आणि तिथं जरा थांबली.

इंजिन बंद होतं. हँडब्रेक ओढलेला होता. उभी गाडी हळूच एकदा उडाली.