टेबल वळलंच नाही

कोर्रादो बांदीनी खरं म्हणजे भांडायला आला होता. फ्लॉरेन्सला राहणाऱ्या त्याच्या इंग्रज शेजारणीच्या, लेडी हेस्टरच्या, बागेची भिंत रात्रीच्या पावसात त्याच्या ऑलिव्हच्या झाडांवर कोसळली होती.

"बाईसाहेब, माझी झाडं—"

"तुमच्याकडे काळा सूट आहे?" हेस्टरने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आहे... लग्नातला."

"मग बायकोलाही—"

"ती गेली. सूट उरला."

हेस्टरचा सूर मऊ झाला. "माझा एक पाहुणा आजारी पडलाय. पंगतीला तेराजण उरलेत, आणि तेराच्या पंगतीत इंग्रज माणूस घास घेत नाही. संध्याकाळी या. झाडांचं जेवताना बोलू."

तो आला. आजारी पाहुण्याची खुर्ची हेस्टरच्या डावीकडे होती, तीच त्याला मिळाली.

उजवीकडे सर गॉडफ्री होते, निवृत्त राजदूत. सूप येताच ते हळूच म्हणाले, "हेस्टर, माझ्याशी लग्न कर. इंग्लंडला चल. ही आठवणींची पुस्तकं आता पुरे, अर्धं लंडन तुझ्यावर रुसलंय."

"उरलेलं अर्धं पुढच्या पुस्तकात येईल."

"थट्टा नको. गोड आलं, पुन्हा माझ्याकडे वळलीस, की उत्तर दे."

हेस्टरने मान डोलावली. हिवाळ्यात आई गेल्यापासून फ्लॉरेन्सचं हे घर तिला खायला उठत होतं. होकार तिने जवळजवळ ठरवलाच होता.

मांसाची ताटं आली तशी ती डावीकडे वळली. तिच्यापाठोपाठ अख्खं टेबल दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे वळलं.

"अहो, हे काय?" कोर्रादो दचकला. "माझ्या पलीकडच्या बाई वाक्य अर्धं टाकून फिरल्या!"

"यजमानीण वळली की सगळे वळतात. गोड आलं की मी पुन्हा उजवीकडे, आणि त्या पुन्हा तुमच्याकडे."

"आणि तुम्ही वळलाच नाहीत तर?"

"असं कधी होत नाही. आईने मला चालण्याआधी हे शिकवलं असावं."

"तुम्ही सगळ्यांच्या आठवणी लिहिता म्हणे. स्वतःच्या?"

"माझ्यात लिहिण्यासारखं काही नाही."

"दारात भांडायला आलेल्या माणसाला जेवायला बसवलंत..."

"चौदावा हवा होता."

"आणि आता?"

तिने काटा खाली ठेवला, आणि कितीतरी महिन्यांनी मनापासून हसली.

गोड म्हणून वाइनमध्ये शिजवलेल्या नाशपाती आल्या. सर गॉडफ्रींनी घसा खाकरला. टेबलभर माना वळायला तयार झाल्या.

हेस्टर डावीकडेच पाहत राहिली.

"बाईसाहेब," कोर्रादो पुटपुटला, "सगळे थांबलेत. तुमचं वळायचं राहिलं..."

"राहिलं नाही," हेस्टर म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मला इथेच बोलायचंय. उद्याही... तुमची हरकत नसेल तर."

कोर्रादोला आपला चमचा कुठे ठेवावा कळेना. "हरकत... छे!"

सर गॉडफ्रींच्या पलीकडे बहिऱ्या मिसेस ट्रेमलेट बसल्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "हेस्टर वळत का नाही? तब्येत बरी नाही का तिची?"

सर गॉडफ्रींनी रुमालाने ओठ टिपले. मग त्यांच्या कानाशी वाकून, साऱ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"उत्तम आहे, मॅडम. इतकी बरी ती मला कधी दिसली नव्हती."