बाहेर यायची परवानगी

मुळशी धरणाच्या काठावर एक अर्धवट राहिलेली सोसायटी आहे. इमारती बऱ्याच, वस्ती नावाला. तिथल्या रिकाम्या फ्लॅटची इलेक्ट्रॉनिक कुलपं आपोआप उघडतात, अशी तक्रार आली म्हणून कुलपांच्या कंपनीतली ऋतिका भर दुपारी महाळुंग्याच्या ऑफिसातून निघाली. वॉचमन कोंडाजीने तिला तळघरातल्या सर्व्हरपाशी सोडलं आणि दार ओढून घेऊन तो बाहेर बसला.

एकाच सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जणू दोन वेगळे संगणक, चालत होती, एक कुलपांचं, एक इंटरकॉमचं. इंटरकॉमचं मशीन कुलपांच्या मशीनमध्ये हात घालत होतं. ऋतिकाने दोघांना वेगवेगळी लेबलं दिली आणि सक्तीचा नियम चालू केला. आता कुणीही आपल्या लेबलाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आतल्याने कितीही म्हटलं तरी.

तेवढ्यात भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

"हॅलो?"

पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मग बाईचा आवाज, अगदी हळू. "लावून घेतलंत… आता मी कुठून येऊ?"

"कुठल्या फ्लॅटमधून बोलताय?"

"फ्लॅट नाही… इथूनच."

ऋतिका दाराकडे धावली. त्यालाही तसंच इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं. कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लाल. तिने दार बडवलं.

"ताई, भायेरनंबी उघडंना!" पलीकडून कोंडाजी ओरडला.

सर्व्हरचे पंखे एकदम मंदावले. ओल्या सिमेंटचा वास दाटला, आणि तिच्या मानेवर कुणाचा तरी गार श्वास आला. आपण काय मोकळं सोडतोय हे तिला कळत होतं. तरीही तिने नियम बंद केला.

खट्ट. दार उघडलं. मागे न बघता ती जिना चढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गजबजाटात तिला स्वतःचंच हसू आलं. काम तर अपुरं राहिलं होतं. तिने जागेवरूनच नियम पुन्हा चालू केला. थोड्याच वेळात कोंडाजीचा फोन आला.

"ताई, तुमी परत कवा आलात? मला दिसला न्हाईत."

"मी ऑफिसात आहे, काका."

"मग तळघरातनं दार कोण वाजवतंय? आवाज तर तुमचाच हाय… रडताय तुमी."

"काका… उघडू नका."

कोंडाजी दाराजवळ सरकला. आणि फोनमधून, त्या बंद दारापलीकडून, तिला तिचाच आवाज ऐकू आला.

"कोंडाजीकाका… फोनवर कोण आहे?"