हरवलेली पाच एप्रिल

सकाळी पहिला फोन आला तो हॉस्पिटलमधून. मिसेस टर्नर नावाच्या बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी, पाच एप्रिलला होतं. त्या आल्याच नाहीत. त्यांच्या मोबाइलवर गेलेल्या मेसेजमध्ये तारीख होती चार मे. आता पुन्हा नंबर लागायला हिवाळा उजाडणार होता.

मेसेज पाठवणारा प्रोग्राम नॉटिंगहॅममधल्या रघुवीरच्या छोट्याशा कंपनीचा. तो लिहिला होता कस्तुरीने.

"दुपारी रिपोर्ट पाठवायचाय," रघुवीर म्हणाला. "डेव्हलपरची चूक, असंच लिहितोय. तिचं नाव टाकावं लागेल. शशिधरराव, तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

नाव गेलं की नोकरी जाणार, आणि नोकरीवरच तर तिचं वर्क परमिट टांगलेलं. शशिधरने मान हलवली. ऑफिसात सर्वांत म्हातारा तोच. असली कामं त्याच्याकडेच यायची, आणि दर वेळी त्याला वाटायचं, या खेपेला काही आपल्याला जमणार नाही.

कस्तुरीचे डोळे सुजले होते.

"काका, माझ्या मशीनवर बघा. पाच चार टाकलं की पाच एप्रिलच येतं. कितीही वेळा टाका!"

"बाकीच्या पेशंटचं काय झालं?"

"अठरा एप्रिलवाल्यांना अठराच गेली. चार एप्रिलवाले वेळेवर हजर. सात एप्रिलवाल्यांना मात्र चार जुलै."

"मग?"

"दिवस-महिना उलटे होतायत, अमेरिकन पद्धतीने. अठरावा महिनाच नसतो, म्हणून तिथे मशीन निमूट सरळ वाचतं. चार-चार तर उलटलं तरी तेच. पण काका, सर्व्हर ब्रिटिश आहे! मिलिंदने स्वतः बघितलंय."

म्हणजे अमेरिकन पाहुणा आत होता, पण कुणाला दिसत नव्हता.

सर्व्हर सांभाळणारा मिलिंद टोस्ट खात बसला होता.

"आता माझ्यावर संशय का, काका?" तो हसला आणि लॉगिन झाला. पडद्यावर त्याच्या मुलीचा फोटो झळकला. समुद्रकिनारा, पुढचे दोन दात पडलेले. "हे घ्या सेटिंग. इंग्लिश, युनायटेड किंग्डम. आता तुमचा प्रोग्राम चालवतो. पाच चार... पाच एप्रिल. झालं समाधान?"

"सेटिंग कुणी केलं?"

"मीच. नवा सर्व्हर आला त्याच दिवशी."

"सगळंच तू केलंस?"

"जवळजवळ. प्रोग्राम ज्या खात्यावर आपोआप चालतो, ते तेवढं रघुवीरने उघडलं. मी वेम्बलीला मेव्हण्याच्या लग्नात जिलब्या वाढत होतो."

"तू चालवलास की बरोबर, आपला आपण चालला की चूक?"

"भूत आहे, काका. नारळ फोडू या."

शशिधर किचनमध्ये जाऊन चहा घेऊन आला. चहा गार झाला. रिटायर व्हायला हवं होतं, त्याच्या मनात आलं. मग, दुसरं काही सुचेना म्हणूनच, तो मिलिंदला म्हणाला, "ऊठ, मला बसू दे." त्याने सर्व्हरवर स्वतःच्या नावाने लॉगिन केलं.

पडदा नुसता निळा.

"अरे, पोरगी कुठे गेली?"

"ती माझ्या लॉगिनवर आहे. तुम्ही तुमच्या नावाने आलात ना!"

शशिधर त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग उठला. गुडघे कुरकुरले.

"कस्तुरीला घेऊन ये. रघुवीरच्या खोलीत."

रघुवीरसमोर रिपोर्ट उघडाच होता.

"सर्व्हर एकच," शशिधर म्हणाला, "पण प्रत्येक खात्याचा चष्मा वेगळा. मिलिंदच्या मुलीचा फोटो जसा फक्त त्याला दिसतो, तसं तारखेचं सेटिंगही ज्याचं त्याला. मिलिंदने ब्रिटिश केलं ते स्वतःच्या खात्यात. तपासायला गेला तोही स्वतःचाच चष्मा लावून. मेसेज पाठवतं ते खातं निराळं. त्या नावाने कुणी माणूस आत जातच नाही. त्याचा पासवर्ड तुझ्याकडे आहे ना, रघुवीर? टाक बरं."

रघुवीरने टाकला. निळा पडदा. सेटिंग उघडलं.

इंग्लिश, युनायटेड स्टेट्स.

"आता पाच चार टाक."

चार मे.

रघुवीरने पुन्हा टाकून पाहिलं. पुन्हा चार मे.

"टेस्ट केली होतीस?" शशिधरने हळूच विचारलं.

"केली होती ना. तीस मार्च टाकून." रघुवीर थांबला. "तिसावा महिना नसतो."

"नसतो. कस्तुरीनेही तारीख कशी वाचायची ते मशीनच्या मर्जीवर सोडायला नको होतं. ते ती आज दुरुस्त करेल. पण खातं तिने उघडलं नव्हतं, आणि अर्धवट तपासून ते चालूही तिने केलं नव्हतं."

रघुवीरने तिचं नाव खोडलं. कर्सर लुकलुकत राहिला.

"जागा रिकामी ठेवलीस तर ते विचारतील," शशिधर थकल्या आवाजात म्हणाला.

रघुवीरने स्वतःचं नाव टाइप केलं. मग हॉस्पिटलला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं सॉरी सॉरी म्हणत राहिला. शेवटी एक रद्द झालेली वेळ मिळाली. नऊ मे.

संध्याकाळी शशिधर कोट चढवून निघाला, तेव्हा कस्तुरी फोनवर होती. मिसेस टर्नर यांना अक्षर दिसत नव्हतं. मेसेज शेजारीण वाचत होती.

"नऊ मे? नक्की?" कस्तुरीने विचारलं. "माफ करा, पुन्हा एकदा वाचता?"

शशिधर दारातच थांबला. दुसऱ्यांदाही नऊ मेच आली, तेव्हा तो बससाठी बाहेर पडला.